हब्बा बेकु, गाडी बेडा

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी सायंआरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. काही सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला तो असा : 'पर्यावरणपूरक प्रवास आणि आपली जबाबदारी'. ऐकूनच जांभई यावी असा विषय आहे. त्यातून आपण बंगळूरकर. आपल्यापैकी बहुतेकजण आज तास-दीड तास रस्त्यात काढूनच इथे पोहोचले असणार, त्यांना वाहतुकीवर प्रवचन देणे म्हणजे उपाशी माणसाला आहारशास्त्र शिकवण्यासारखे आहे. म्हणून मी जबाबदारीवर बोलणार नाही. मी एका व्यावहारिक प्रश्नावर बोलणार आहे. बस, मेट्रो, सायकल, पायी चालणे, एका गाडीत चौघांनी जाणे, हे सगळे चांगले आहे हे आपल्याला कोणी पटवून द्यावे लागत नाही. तरी त्यासाठी एखादी योजना निघाली, की तिच्या मागे माणसे उभी राहत नाहीत. असे का होते, आणि ती उभी राहावीत म्हणून काय करावे लागते, एवढेच मला सांगायचे आहे.

नोकरीतली अनेक वर्षे मी बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरच्या एका कंपनीत प्रशासन विभागात काढली. कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्याची व्यवस्था माझ्याकडे होती. त्यामुळे लोक सकाळी घरातून निघताना काय विचार करतात, हे थोडेफार कळले. जे सांगणार आहे ते त्या अनुभवातले आहे, आणि थोडे आपल्या याच उत्सवातले.

इथे राहून कन्नड येवो न येवो, दोन शब्द प्रत्येकाला येतातच. 'बेकु' म्हणजे हवे आणि 'बेडा' म्हणजे नको. भाजीवाल्याशी निम्मे संभाषण या दोन शब्दांवर होते. या शहराच्या वाहतुकीचा अलीकडचा इतिहासही याच दोन शब्दांत सांगता येतो.

२०१६ साली बसवेश्वर सर्कलपासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल बांधायचे ठरले. त्यासाठी आठशेच्या वर झाडे तोडावी लागणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो लोक रस्त्याच्या कडेला साखळी करून उभे राहिले. हातात फलक होते, 'स्टील फ्लायओव्हर बेडा'. मीही त्या साखळीत होतो. मार्च २०१७ मध्ये सरकारने तो प्रकल्प रद्द केला. आम्हाला फार आनंद झाला.

आता खरे सांगतो. त्या साखळीत उभे राहायला मी गाडी घेऊन गेलो होतो. एकटा. आणि गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दोन चकरा मारल्या होत्या. त्या दिवशी मला यात काहीच विसंगत वाटले नाही.

त्या साखळीनंतर लोक पुन्हा जमले. या वेळी मागणी होती 'चुकुबुकु बेकु', म्हणजे उपनगरी रेल्वे हवी. मुंबईहून आलेल्या आपल्यासारख्यांना तर ती मागणी फारच जवळची. जून २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्या रेल्वेची कोनशिला बसली. चार मार्ग आणि सुमारे १४८ किलोमीटर अशी ती योजना आहे. काम अजून चालूच आहे.

यातून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. 'बेडा' म्हणायला एक रविवार पुरतो. 'बेकु' म्हणायचे तर वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. शिवाय 'बेकु' म्हटलेली गोष्ट आली की आपण स्वतः ती वापरावी लागते. आपली खरी अडचण तिथे सुरू होते.

आता जिथे लोक खरोखर बदलले, असे एक उदाहरण सांगतो. ते आपल्याच शहरातले आहे.

२००८ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या एप्रिलपर्यंत इलेक्ट्रॉनिक सिटीत इन्फोसिसमध्ये एक प्रयोग झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक बालाजी प्रभाकर यांनी तो आखला होता. कंपनीचे सुमारे १४,००० कर्मचारी रोज तिथे येत, त्यातले पुष्कळसे कंपनीच्या बसगाड्यांनी. सगळे एकाच वेळी निघत आणि एकाच वेळी अडकत. प्रयोग साधा होता. जो सकाळी लवकर पोहोचेल, त्याच्या नावावर गुण जमा होत. आठच्या आधी आल्यास जास्त आणि त्यानंतर थोडा वेळ कमी. दर आठवड्याला त्या गुणांवर सोडत निघे आणि काहींना रोख बक्षीस मिळे. कोणावर सक्ती नव्हती, दंड तर नव्हताच.

सहा महिन्यांत आठच्या आधी येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. सकाळच्या बसप्रवासाचा सरासरी वेळ ७१ मिनिटांवरून ५४ मिनिटांवर आला. म्हणजे ज्यांना बक्षीस लागले नाही, त्यांचीही सतरा मिनिटे रोज वाचली.

या प्रयोगात प्रवासाचे साधन बदललेले नव्हते, फक्त वेळ बदलली होती, हे मला मान्य आहे. पण धडा मोलाचा आहे. त्या लोकांना कोणी पृथ्वी वाचवायला सांगितले नाही. एक लहानसा, आपल्या हातातला बदल सांगितला, त्याचा फायदा त्याच आठवड्यात दाखवला, आणि ज्याला जमत नाही त्याला दोष दिला नाही. दंड झाला की माणूस पळवाट शोधतो. आपली दखल घेतली गेली की तोच माणूस शेजारच्यालाही सांगतो.

आता माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट.

४ फेब्रुवारी २०१० रोजी बी.एम.टी.सी.ने 'बस डे' सुरू केला. दर महिन्याच्या ४ तारखेला सर्वांनी आपली वाहने घरी ठेवून बसने यावे, अशी कल्पना होती. आमच्या कंपनीतही ते राबवायचे ठरले आणि काम माझ्याकडे आले. मी उत्साहाने भित्तिपत्रके छापून घेतली. त्यावर हिरवी पृथ्वी, तिला आलेला घाम, खाली मोठ्या अक्षरांत आवाहन. पहिल्या महिन्यात बरेच जण बसने आले, फोटो निघाले, चहा-बिस्किटे झाली. दुसऱ्या महिन्यात निम्मेच आले. तिसऱ्या महिन्यात बसने कोण आले म्हणून मी फाटकावर उभा राहिलो, तर आमचे सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि उपाहारगृहातले लोक. ते रोजच बसने येत होते. त्यांच्यासाठी आम्ही कधी चहा-बिस्किटे ठेवली नव्हती.

मला वाईट वाटले आणि रागही आला. हाताखाली एक मुलगी होती, तिच्याजवळ मी तणतणलो की आपल्या लोकांना काही शिस्तच नाही. ती म्हणाली, "सर, आपण त्यांना या म्हणून सांगितलं. का येत नाही, हे विचारलंच नाही."

मग विचारले. एका कागदावर चारच प्रश्न होते : कुठून येता, कसे येता, बसने का येत नाही, आणि काय झाले तर याल. नाव लिहायची अट नव्हती. उत्तरे वाचून मी गप्प झालो. भाडे जास्त आहे असे थोड्यांनीच लिहिले होते. बहुतेकींनी लिहिले होते की संध्याकाळी सातनंतर थांब्यावर दिवा नसतो. काहींनी लिहिले की थांब्यापासून फाटकापर्यंतच्या पाऊण किलोमीटरमध्ये पदपथच नाही, पावसात गुडघाभर पाणी असते. एकीने लिहिले होते, 'माझा मुलगा पाळणाघरात असतो. दुपारी तिथून फोन आला तर मी बसने किती वेळात पोहोचणार?' या बाईला मी घाम आलेल्या पृथ्वीचे चित्र दाखवत होतो.

आम्ही तीन गोष्टी केल्या. थांब्याकडच्या कंपनीच्या कुंपणावर दिवे लावले. संध्याकाळी सात ते नऊ एक रक्षक त्या वाटेवर उभा केला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एक लेखी हमी दिली की जो बसने किंवा कोणाच्या गाडीत वाटा घेऊन आला आहे, त्याला घरून अडचणीचा निरोप आला, तर कंपनी त्याला मोटारीने ताबडतोब घरी पोहोचवेल. लेखा विभागाने डोक्याला हात लावला, म्हणाले सगळे याचा गैरफायदा घेतील. प्रत्यक्षात वर्षभरात ती गाडी क्वचितच निघाली. पण ती आहे, या भरवशावर माणसे बसने येऊ लागली. सगळी नाही आली. माझ्या अंदाजाने, ज्यांना येणे शक्य होते त्यांच्यातली काही आली आणि मुख्य म्हणजे ती टिकली. पाळणाघरवाली बाई त्यांच्यात होती. तिला ती गाडी एकदाही लागली नाही.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. कुठलीही अशी योजना करायची, तर ज्यांनी ती वापरायची त्यांना आधी विचारायचे, आणि ते सांगतील त्यातली निदान एक गोष्ट लगेच करून दाखवायची. मग विश्वास बसतो, आणि तेव्हाच पाठिंबा मिळतो.

पैशांचाही प्रश्न असतोच, तो नाकारून चालणार नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली. राज्यात राहणाऱ्या स्त्रियांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, ओळखपत्र दाखवले की शून्य रकमेचे तिकीट मिळते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पूर्वी दोन घरे चालत जाण्याच्या अंतरावरची धरत, कारण बसचा खर्च परवडत नसे. आता त्या लांबची, चार पैसे जास्त देणारी कामे घेतात आणि महिन्यातून दोनदा लेकीकडे जाऊन येतात. या योजनेवर टीका करणारेही आहेत. गर्दी वाढली, पुरुषांना बसायला जागा मिळत नाही, महामंडळांवर बोजा पडतो. यातल्या तक्रारी खोट्या नाहीत, पण त्यावर उत्तर बसगाड्या वाढवणे हे आहे. मावशींना मी पर्यावरणाबद्दल कधी विचारलेले नाही. पण आमच्या घरात सर्वांत पर्यावरणपूरक प्रवास त्याच करतात.

याच्या उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोची भाडेवाढ झाली. सर्वांत जास्त भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले. काही टप्प्यांवर वाढ इतकी होती की आठवड्याभरातच त्यात थोडी कपात करावी लागली. प्रवासी काही काळ कमी झाले. त्या दिवसांत आपल्याच मंडळातल्या दोन तरुण मुलांनी मला सांगितले, "काका, दोघांनी मिळून स्कूटर काढली तर स्वस्त पडतं." त्यांना मी काय उत्तर देणार? लोकांना एका हाताने बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने ढकलायचे, असे झाले की योजनेवरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

आता जरा अवघड भाग. योजना चांगली आहे, फायदाही दिसतो आहे, तरी ती टिकत नाही, असेही होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आमच्याच बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर सिल्क बोर्डाच्या बाजूने बससाठी वेगळी मार्गिका आखली. खुंट रोवून कडेचा पट्टा बसला दिला. बसचा वेळ कमी झाला, आमचे बसने येणारे लोक खूश होते. मी स्वतः मात्र त्या दिवसांत एका दुखण्यामुळे मोटारीने जात होतो. शेजारी रिकामा पट्टा आणि आम्ही खोळंबलेलो. मीच मनात म्हणालो, 'काय हा जागेचा अपव्यय!' मी! ज्याने बसची भित्तिपत्रके छापली, तो!

नंतर एके दिवशी अडकलो असताना मोजत बसलो. पाच मिनिटांत त्या पट्ट्यावरून चार बसगाड्या गेल्या. एकेका बसमध्ये पन्नास माणसे धरली तर दोनशे झाली. माझ्या पुढे-मागे तेवढ्याच वेळात सरकलेल्या मोटारींत बहुतेक एकेकटा माणूस होता. पट्टा रिकामा दिसत होता, कारण तिथली माणसे अडकत नव्हती, निघून जात होती.

पुढे करोनाची साथ आली, मग त्याच रस्त्यावर मेट्रोचे काम सुरू झाले आणि तो पट्टा गेला. तो गेला तेव्हा कोणी साखळी केली नाही. 'बस लेन बेकु' म्हणून त्या रस्त्यावर पाचशे माणसे उभी राहिलेली मी पाहिली नाहीत. मीही उभा राहिलो नाही. उड्डाणपुलाच्या वेळी झाडांसाठी गेलो होतो, पण माझ्याच सहकाऱ्यांच्या बससाठी गेलो नाही.

हे केवळ आपल्याच शहरात झाले असे नाही. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक इंदूरला आहेत. तिथला साडेअकरा किलोमीटरचा बसमार्ग २०१३ मध्ये सुरू झाला होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो काढून टाकण्यास उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा पावणेसहा किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. पहिल्या दिवसापासून वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर मोटारवाल्यांची तक्रार ऐकू येत राहिली. बसमध्ये बसलेल्यांना कोणी माईक दिला नाही. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या मार्गाच्या बाजूने निकाल दिला, तरी २०१६ मध्ये तो उखडला गेला. उलट अहमदाबादने 'जनमार्ग' १४ ऑक्टोबर २००९ रोजी सुरू केला, पण त्याआधी काही महिने चाचणीच्या फेऱ्यांत लोकांना फुकट बसू दिले, त्यांच्या सूचना घेतल्या. तो मार्ग आजही आहे. तिथेही अडचणी आहेत, तक्रारी आहेत. पण उद्घाटनाच्या आधीच हजारो लोकांनी त्या बसमध्ये बसून पाहिलेले होते. 'ही आपली बस आहे' असे म्हणणारे लोक तिथे पहिल्या दिवसापासून होते.

मंडळी, आता मी आपल्या उत्सवाकडे येतो. थोडे कटू बोलेन, घरचा माणूस म्हणून समजून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. महाआरतीचा दिवस, सभागृह भरलेले. आपल्या या गल्लीत दोन्ही बाजूंना आपल्या गाड्या लागलेल्या होत्या. पलीकडच्या तिसऱ्या घरातल्या अज्जांना छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका आली, पण ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली, आत येईना. आपण आत टाळ वाजवत होतो. त्या घरातला मुलगा धावत सभागृहाच्या दाराशी आला आणि गाड्यांचे क्रमांक ओरडून सांगू लागला. आवाजात कोणाला काही ऐकू येईना. शेवटी ध्वनिक्षेपक बंद करून क्रमांक वाचले गेले. चार गाड्या हलवायच्या होत्या. त्यातली तिसरी माझी होती.

किल्ली माझ्या खिशात होती आणि मी प्रसादाच्या रांगेत मागे होतो. मी बाहेर येईपर्यंत शेजाऱ्यांनी अज्जांना खुर्चीत बसवून, ती खुर्ची उचलून रुग्णवाहिकेपर्यंत नेले होते. पंधरा मिनिटे गेली असतील. सुदैवाने अज्जा वाचले. आज ते तब्येतीने बरे आहेत. पण ती पंधरा मिनिटे मी विसरू शकत नाही. मला घरून इथे यायला बस आहे. थेट आहे. उतरून सात मिनिटे चालावे लागते. त्या दिवशी मी सिल्कचा कुर्ता घातला होता आणि ढग आले होते, एवढ्या कारणासाठी मी गाडी काढली होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांबरोबर मी त्यांच्या घरी गेलो. त्या घरच्या अज्जी गेली कित्येक वर्षे आपल्या गणपतीसाठी पहिल्या दिवशी सेवंतीचा हार पाठवतात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्या रागावल्या नाहीत. कॉफी दिली. निघताना एवढेच म्हणाल्या, "हब्बा बेकु, गाडी बेडा." सण हवा, गाड्या नकोत. चार शब्दांत त्यांनी आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय सांगितला.

त्यानंतरच्या वर्षी आपण काय केले? निमंत्रणपत्रिकेवर एक ओळ छापली, 'कृपया सार्वजनिक वाहनाने यावे'. गाड्या तेवढ्याच आल्या. म्हणजे माझ्या भित्तिपत्रकाचीच चूक आपण पुन्हा केली. कोणालाही विचारले नाही. म्हणून या वेळी, या व्याख्यानाला होकार देण्याआधी, मी पहिल्या तीन दिवसांत इथे आलेल्या सभासदांना विचारत हिंडलो. कळले ते असे.

ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आरती साडेआठला सुरू होते, प्रसाद होईपर्यंत दहा वाजतात, मग बस मिळेल याची खात्री नाही. तरुण आई-बाप म्हणतात, मुले झोपतात, झोपलेले मूल खांद्यावर घेऊन मेट्रोचा जिना कसा उतरायचा? काहींना आपल्या सभागृहाला सर्वांत जवळचे मेट्रो स्थानक कोणते तेच माहीत नव्हते. एक वहिनी म्हणाल्या, "स्टेशनपासून इथपर्यंतच्या रस्त्याला एका जागी पथदिवा नाही, आणि तिथे कुत्री असतात." आणि एक काका म्हणाले, "मला गाडी चालवायला आता भीती वाटते हो, पण मुलांना कसं सांगू? कोणी घ्यायला आलं तर मी आनंदाने येईन." असे म्हणणारे ते एकटेच नव्हते.

यावरून मी कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवतो. मोठ्या नाहीत.

पहिली, पुढच्या वर्षी निदान पाच दिवस आरती सात वाजता घ्यावी. दुसरी, पत्रिकेवर उपदेशाची ओळ न छापता जवळचा बसथांबा, तिथे येणाऱ्या बसचे क्रमांक, मेट्रो स्थानक आणि शेवटच्या गाडीची वेळ छापावी. तिसरी, स्थानकापासून सभागृहापर्यंत सहा ते दहा एक छोटी भाड्याची गाडी फेऱ्या मारेल अशी व्यवस्था करावी. तिचा खर्च मंडपाच्या रोषणाईतून काढता येईल. दोन माळा कमी लावल्या तर गणपतीला राग येणार नाही. चौथी, प्रत्येक भागातल्या एका सभासदाने आपल्या आसपासच्या ज्येष्ठांची यादी करावी आणि ज्यांना गाडी आणावीच लागते त्यांनी रिकाम्या जागा त्या यादीला द्याव्यात. त्या गाड्यांना शाळेच्या मैदानावर जागा राखावी, गल्लीत एकही नको. आणि पाचवी, त्या अंधाऱ्या जागेच्या पथदिव्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा आणि दिवा लागेपर्यंत आपले दोन स्वयंसेवक विजेरी घेऊन तिथे उभे करावेत.

कोणावरही सक्ती नको, कोणाला टोमणे नकोत. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्याकडे तान्हे मूल आहे, जे लांब राहतात त्यांनी गाडीने यावे, आपण त्यांचे स्वागतच करू. पण ज्यांना जमते, त्यांनी एक दिवस करून पाहावे. सुरुवात कार्यकारिणीने करावी, कारण अध्यक्षच गाडीतून उतरले तर बाकीचे काय करणार! आणि उत्सव संपल्यावर पुन्हा सर्वांना विचारावे की काय जमले, काय जमले नाही. जे जमले नाही ते पुढच्या वर्षी बदलावे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने या शहराची वाहतूक सुधारणार आहे का? नोंदलेली वाहने एक कोटीच्या वर गेली आहेत, तिथे आपल्या साठ-सत्तर गाड्यांचे काय! बरोबर आहे. आपल्या साठ गाड्यांनी शहर सुधारणार नाही. पण ही गल्ली सुधारेल. आणि ज्यांनी पाच दिवस बसने येऊन पाहिले, ती माणसे उद्या शहरात बसची मार्गिका पुन्हा आखली गेली, तर तिला 'जागेचा अपव्यय' म्हणणार नाहीत. ती काढायला कोणी आले, तर निदान काहीजण तिथे उभे राहतील. पाठिंबा म्हणतात तो असाच तयार होतो, आधी अनुभव, मग आवाज.

मी स्वतः आज बसने आलो आहे. यात फुशारकी नाही, दोन वर्षे उशीर झाला आहे. परत जाताना माझ्या थांब्याच्या दिशेने येणारे कोणी असतील तर सोबत चालू या. ती कुत्री मला एकट्यालाही भुंकतात.



गणपती बाप्पा मोरया!